पाठवणाऱ्याचं नाव

७ जुलै, सोमवार

कॉलेजनं यंदा बोलावलं नाही. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवलं आणि या जूनमध्ये साधा फोनसुद्धा नाही. विचारायला गेले तर ऑफिसातला क्लार्क म्हणतो, "मॅडम, यंदा वर्कलोडच नाही." वर्कलोड नाही, पण माझ्या खुर्चीत एक नवी मुलगी बसली होती. असो. हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. नवं काम काढलंय आणि त्याची नोंद राहावी म्हणून ही वही.

काम असं. मामंजी, म्हणजे धवलचे वडील, पन्नास वर्षं रामकुंडावर क्रियाकर्म करतायत. बाहेरगावचे यजमान हल्ली विचारतात, यायला जमत नाही, अस्थी कुरिअरनं पाठवल्या तर चालतील का? मामंजी आधी "छे" म्हणाले. मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, "लोक त्या माळ्यावर टाकून ठेवतात, गाडीच्या डिकीत विसरतात. त्यापेक्षा येऊ देत." एक कुरिअरवाला तयार झाला. मी वेबसाइट केली. पार्सल आलं की मामंजी विसर्जन करणार, मी व्हिडिओ काढून पाठवणार आणि मामंजींच्या नामावळीत, म्हणजे यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या त्या लांबट लाल वहीत, नाव चढणार. धवल सातपूरला कंपनीत क्वालिटीला आहे. त्याचं मत, हे 'जरा विचित्र' आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली, तो सगळ्यालाच जरा विचित्र म्हणतो.

वेबसाइटचं पहिलं वाक्य इंग्रजीत 'सेंड'नं सुरू होतं. मामंजींनी विचारलं, "सेंड म्हणजे?"

"पाठवा."

"ते कळलं. मूळ काय त्याचं?"

हा माणूस धातू कळल्याशिवाय घोटभर पाणी प्यायचा नाही. मग जाडा शब्दकोश काढला. मूळ आहे 'जाणे'. वाट, प्रवास, यांचेच जुने शब्द त्याच्या गोतावळ्यात. सेंड म्हणजे दुसऱ्याला जायला लावणं. मामंजी खूश झाले. म्हणाले, आपलं 'पाठवणे' तसंच आहे, संस्कृतातल्या प्रस्थानाचं प्रयोजक. म्हणजे जाणारा एक आणि त्याला जायला लावणारा दुसरा. दोन माणसं लागतातच.

खूप दिवसांनी कुणीतरी माझं इंग्रजी मन लावून ऐकलं.

१९ जुलै, शनिवार

आज फार वाईट चूक झाली. मामंजींच्या एका डोळ्याला मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. पार्सलवरचं मोठ्या अक्षरातलं नाव तेवढं त्यांना वाचता येतं. इंदूरहून एक पार्सल आलं होतं. वर पाठवणाऱ्याचं नाव होतं प्रफुल्ल. मामंजींनी तेच नाव घेऊन संकल्प सोडला, गोत्र उच्चारलं, अस्थी कुंडात सोडल्या. मी व्हिडिओ काढत होते, माझ्याही लक्षात आलं नाही. व्हिडिओ पाठवला आणि दहा मिनिटांत फोन.

"ताई, मी प्रफुल्ल बोलतोय. काका गेले हो माझे. मी आहे अजून."

माफी मागितली, काकांच्या नावानं पुन्हा सगळं करतो म्हटलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "आमच्या आईला तेवढा तो व्हिडिओ दाखवू नका." मामंजी दिवसभर जेवले नाहीत. म्हणाले, जिवंत माणसाच्या मरणाची आवई उठली तर आयुष्य वाढतं म्हणतात. पण ते मला सांगत होते की स्वतःला, ते कळेना.

२१ जुलै, सोमवार

नवा नियम केला. नियम मामंजींचा, शब्द माझे. वेबसाइटवर, उत्तराच्या ठरावीक मेलमध्ये, सगळीकडे ठळक अक्षरात टाकलं: पार्सलवर 'पाठवणारा' या रकान्यात दिवंगताचंच नाव लिहावं, नातेवाइकाचा फक्त फोन नंबर द्यावा. कुरिअरच्या लेबलवर मोठ्या टायपात तेवढं एकच नाव येतं, दुसरा इलाज नाही.

मी म्हटलं, "मामंजी, पण मग पाठवणारा आणि जाणारा एकच झाला."

ते म्हणाले, "शेवटी तसंच असतं."

मृत्यूचे दाखले वगैरे लोक मेलला जोडून पाठवतात. ते मी आधी उघडत नाही. पार्सल हातात आलं की मगच बघते. आधी उघडले की दिवसभर ते चेहरे डोळ्यांपुढे राहतात.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. राखी कुठं पाठवणार? बोटीला पिनकोड नसतो.

गौरांग माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मर्चंट नेव्हीत, सेकंड इंजिनिअर. आमचे वडील, अप्पा, गेले त्या डिसेंबरात त्याची बोट आफ्रिकेच्या खाली कुठंतरी होती. अग्नी मी दिला. अकराव्या दिवशी त्याचा फोन आला, लाटांसारखा खाली-वर होणारा आवाज. "ताई, पुढच्या बंदरावर उतरतो, येतो." मी तेव्हा माणसांत नव्हते. म्हटलं, "आता येऊ नकोस. तिथंच राहा." तो "बरं" म्हणाला. दुसरं काही म्हणालाच नाही. लहानपणी मी त्याच्या पाटीवर रेघ मारली तरी तासभर भांडायचा, आणि तेव्हा नुसतं "बरं".

नंतर अप्पांचं सातपूरचं घर विकलं, तेही त्याला न विचारता. माझ्याच नावावर होतं, पण विचारायला हवं होतं. मग राग ओसरला तशी मीच मेसेज करायला लागले. तो एखादा अंगठा पाठवायचा. कंपनी बदलली एवढं कळवलं होतं. कुठली, ते मी ताठ्यात विचारलं नाही. या मार्चपासून अंगठाही नाही. माझ्या प्रत्येक मेसेजवर एकच टिक, म्हणजे गेला पण पोहोचला नाही; वेबसाइटची लिंक पाठवली तिच्यावरही तेच. आज राखीचा फोटो पाठवला. एकच टिक.

मला त्याची माफी मागायचीय. बाकी काही नकोय.

२० ऑगस्ट, बुधवार

गोदावरीला पूर. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी, सगळी क्रियाकर्मं बंद. पण पार्सलं येणं बंद नाही. मागच्या खोलीतल्या फळीवर सात जमलीत.

कुरिअरचा बुद्धभूषण रेनकोट निथळत दारात उभा राहतो आणि सही घेतो. आज म्हणाला, "ताई, एक विचारू? तुमच्याकडं पाठवणारा माणूस स्वतः फोन उचलत नाय कधी."

"त्यांचा फोन नसतोच. तो नातेवाइकांचा असतो."

"मग नाव?"

सांगितलं. त्यानं हातातलं खोकं उलटं करून नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "म्हणजे मी इतके दिवस..." आणि पुढचं वाक्य तसंच सोडून गाडीला किक मारली. मला हसू आलं. आता संध्याकाळ झाली, आता तितकंसं येत नाही.

कारण माझ्याही फोनवर तेच येतं. 'गोटीराम यांनी तुम्हाला पार्सल पाठवलं आहे. आज पोहोचेल.' 'सरुबाई यांनी पाठवलेलं पार्सल नाशिकमध्ये दाखल झालं आहे.' भाजी चिरताना, दूध तापवताना. एकामागून एक. त्यांच्या घरच्यांसाठी ते जाऊन महिना झालाय आणि मला ते कळवतायत, निघालोय म्हणून.

मामंजींनी पहिल्या दिवसापासून एक पद्धत ठेवलीय. पार्सल हातात घेताना "या" म्हणायचं, आणि फळीजवळ पाण्याचं भांडं भरून ठेवायचं. वाट चालून आलेल्याला आधी पाणी, मग बाकीचं. रोज सकाळी भांड्यातलं पाणी बोटभर कमी असतं. धवल म्हणतो, बाष्पीभवन. ऑगस्टात, भिंतींना ओल आलेली असताना.

३० ऑगस्ट, शनिवार

दुपारी रिकामी होते, पुन्हा शब्दकोश घेऊन बसले. 'सेंड'ला दीड पान आहे. जुन्या इंग्रजीत आशीर्वाद द्यायचा तर 'देव तुला पाठवो' म्हणत. पाऊस, आरोग्य, चांगला नवरा, जे हवं ते. पुढं 'फॉर' लावलं की दिशा उलटी होते, पाठवणं जाऊन बोलावणं होतं. लॅटिनमधला 'जाणवणे'चा शब्दही याच मुळाचा असं काहींचं म्हणणं. जाता जाता वाट कळते, म्हणून जाणवणं. मामंजींना हे फार आवडेल.

आणि अगदी शेवटी, खलाशांच्या बोलीतला म्हणून एक अर्थ: लाट बोटीला मागून उचलते आणि पुढं लोटते, तो रेटा. तोही 'सेंड'. हे मला माहीत होतं. गौरांगनंच सांगितलं होतं, पहिल्या सुट्टीत, अंगणात अप्पांच्या खाटेवर पडून. "ताई, तू शिकवतेस ना इंग्रजी, मग हा सेंड सांग बघू. इंजिन बंद केलं तरी समुद्र तुम्हाला पाठवत राहतो. कुठं, ते तो ठरवतो." मी म्हटलं होतं, असा अर्थ नसतोच. आता पान समोर आहे. आहे अर्थ. त्याला कळवलं. एकच टिक.

जायला लावणं. हा अर्थ मी नऊ वर्षं फळ्यावर लिहिला असता तरी कळला नसता. तो एका फोनवर कळला, आणि त्या फोनवर जायला लावणारी मीच होते.

१४ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष. मामंजींना बसायला फुरसत नाही, फळी रोज भरते आणि रोज रिकामी होते. पण हे सगळं लिहायला मी बसलेली नाही.

दोन टिका आल्या.

सकाळी साडेदहाला. मार्चपासूनचे सगळे मेसेज एकदम पोहोचले, राखीसुद्धा. अकराला निळ्या झाल्या. नावाखाली 'ऑनलाइन' दिसत होतं. चार मिनिटं. तीनदा लिहून पुसलं. शेवटी लिहिलं, "पाठव ना काहीतरी. काहीही." तेही वाचलं गेलं. उत्तर नाही. मग 'ऑनलाइन' गेलं.

वाचलंय त्यानं. माफीचे सगळे मेसेज वाचलेत. धवलला सांगितलं तर म्हणाला, "मग बोलत का नाही तो?" मी म्हटलं, रागावलाय. सहा महिन्यांचा राग चार मिनिटांत उतरत नाही. मामंजींच्या पायाला हात लावला आणि रडले. त्यांनी नुसतं डोक्यावर थोपटलं आणि विचारलं, "आवाज ऐकलास?" मी नाही म्हटलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

परदेशी नंबरवरून तीनदा फोन. तिसऱ्यांदा उचलला. बाईचा आवाज, उच्चार भलतेच. "मॅडम, तुमच्या एका पार्सलबद्दल" एवढं ऐकलं आणि कट केला. बँक रोज मेसेज टाकतेय, परदेशातून तुमच्या नावानं पार्सल आलंय, अडकलंय, अशी थाप मारून लोकांना लुबाडतात म्हणून. शेजारच्या एका निवृत्त बाईंना दोन दिवस घरात कोंडून घ्यायला लावलं होतं असल्याच फोननं. नंबर ब्लॉक करून टाकला. मी काही कालची पोरगी नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आज आनंदाची गोष्ट. लताबाई, आमच्या सातपूरच्या शेजारीण, मंडईत भेटल्या. मूळच्या दिंडोरीकडच्या, आवाज असा की चार दुकानं वळून बघतात.

"अगं स्वानंदी, तुझ्या भावाचं काय चाललंय? पोलीस आला व्हता ना घरी! गौरांग दीक्षित हितंच राहतो का, म्हणे. घरचं कोण हाय, म्हणे. म्या सांगितलं, घर इकलं, लेक पंचवटीत दिलीय. नंबर नाय माझ्याकडं तुझा, काय देणार?"

"कधी आला होता?"

"झालं की लय दिवस. जूनमधी असंल. तवा तुझा पत्ता बी नाय सापडला मला."

पोलीस म्हणजे दुसरं काय, पासपोर्ट! पासपोर्ट नवा करायला टाकला की कायमच्या पत्त्यावर चौकशी येते. माझ्या वेळीही आली होती. म्हणजे त्यानं पासपोर्ट टाकलाय, म्हणजे तो यायच्या तयारीत आहे. लताबाईंना मी तिथंच मिठी मारली. त्या म्हणाल्या, "अगं पर तो पोलीस हसत नव्हता काही." पोलीस हसतात कधी?

धवलला हे सांगितलं. म्हणाला, "सातपूर चौकीत एकदा विचारून येऊ का मी?" म्हटलं, काही नको, उगीच त्याचा पासपोर्ट अडकायचा.

३० सप्टेंबर, मंगळवार

मेलांचा ढीग उपसला. त्यात एक परदेशी एजन्सीचा. इंग्रजी असं की वर्गात असते तर लाल शाई संपली असती. 'आम्ही पाठवू इच्छितो, कृपया पत्ता व स्वीकारणारे कळवा.' काय पाठवू इच्छिता? क्रियापद सकर्मक आहे, कर्म कुठाय? खाली चार फायली जोडलेल्या, त्या नेहमीच्याच असणार. गंमत म्हणजे वर मला 'मिस दीक्षित' म्हटलंय. माहेरचं नाव यांना कुठं मिळालं? कॉलेजच्या जुन्या पानावर असेल अजून. तिथं माझं नाव काढायलाही कॉलेजला वेळ नाही.

ठरावीक उत्तर पाठवून दिलं, पत्ता आणि नियमासकट.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आपट्याची पानं, श्रीखंड. गौरांगला सोनं फोटोतून दिलं. पुन्हा एकच टिक. चार्जिंग संपलं असेल.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. संध्याकाळी पणत्या लावत होते आणि फोन वाजला.

'गौरांग दीक्षित यांनी तुम्हाला पार्सल पाठवलं आहे. मुंबईत दाखल.'

मी तो मेसेज सात वेळा वाचला. मग मोठ्यांदा वाचला. धवलला, मामंजींना, आणि एकदा नुसताच. पाठवलं त्यानं! मी म्हटलं होतं ना, काहीही पाठव. भाऊबीजेची ओवाळणी पाठवलीय. लहानपणी ओवाळणीत दोन रुपयांचं नाणं टाकायचा आणि संध्याकाळी परत मागायचा, ते या वेळी नाही चालणार.

धवल "अरे वा" म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. फार वेळ उभा होता. मामंजी म्हणाले, "फोन दाखव." मी अक्षरं मोठी करून दाखवली. त्यांनी बोट ठेवून नाव वाचलं, प्रत्येक अक्षर. मग म्हणाले, "पाणी तापलंय का?" आणि धोतरासकट न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. सणाच्या दिवशी, तिन्हीसांजेला. विचारलं तर म्हणाले, उकडत होतं.



२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. दुपारी बुद्धभूषण आला. आज सुट्टी होती त्याला. "एकच पार्सल होतं ताई. राहू दिलं तर बरं नसतं वाटलं." मी लाडू-चकलीची पिशवी दिली. त्यानं घेतली, पण नेहमीसारखं हसला नाही. खोकं देताना दोन्ही हातांनी दिलं.

मी "या" म्हटलं नाही. हे काही तसलं पार्सल नाही.

लेबलवर मोठ्या अक्षरात: पाठवणारा, गौरांग दीक्षित. खाली परदेशातला कुठल्यातरी बंदराचा पत्ता. बाजूला चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात जाड घडीचे कागद, शिक्के दिसतात, कस्टमचे असतील. वजन दोन किलो सहाशे. सवयीनं वजन आधी बघितलं. एवढं काय पाठवलंय? चॉकलेटं असतील. धातूची एखादी वस्तूही असेल, हलवलं तर आत काही वाजत नाही, घट्ट बांधलंय. फोडलं नाही. ओवाळणी ओवाळल्यावर बघायची असते.

दिवाणखान्यात, अप्पांच्या फोटोखालच्या टेबलावर ठेवलं. मागच्या खोलीत नाही.

संध्याकाळी आरती करून आले तर त्याच्या शेजारी पाण्याचं भांडं. मी उचलून स्वयंपाकघरात नेलं. अर्ध्या तासानं पुन्हा तिथंच, काठोकाठ भरलेलं. धवल टीव्हीसमोर होता, मामंजी जप करत होते. कुणाला विचारलं नाही. पुन्हा उचलून ओतून टाकलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज.

सकाळी प्रफुल्लचा फोन आला, इंदूरहून. त्या दिवसापासून दर महिन्याला करतो. "ताई, दिवाळीच्या शुभेच्छा. मी आहे बरं का अजून." मला त्या आवाजानं इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. त्याच्या वेळी लेबलवरचं नाव जिवंत माणसाचंच होतं की. जिवंत माणसंच पाठवतात पार्सलं, सगळ्या जगात. आमच्या नियमाचं जगाला काय माहीत? त्याला दहा मिनिटं बोलत ठेवलं. शेवटी तोच म्हणाला, "ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

दुपारी बासुंदी केली, गौरांगला आवडते म्हणून. मग त्या नियमाचा विचार डोक्यातून जाईना, म्हणून लॅपटॉप उघडला. तो तीस सप्टेंबरचा मेल. मिस दीक्षित. खाली माझं उत्तर, ठळक अक्षरांतला नियम. जोडलेल्या चार फायली. बाण पहिल्या फायलीवर नेला आणि तसाच ठेवून लॅपटॉप मिटला. बासुंदी तळाला लागली होती.

गेली दोन वर्षं चंद्राला ओवाळलं. यंदा नाही. संध्याकाळी पाट मांडला, रांगोळी काढली, खोकं पाटावर ठेवलं. धवल म्हणाला, "स्वानंदी, नको ना." आणि मग स्वतःच येऊन पाट सरळ केला, पूर्वेला तोंड येईल असा. कुंकू लावलं, लेबलच्या जरा वर, नावाला लागू नये अशा बेतानं. सुपारी फिरवली, निरांजन ओवाळलं. अक्षता टाकल्या तेव्हा त्या पुठ्ठ्यावर पडल्याचा आवाज झाला. एवढा बारीक आवाज, पण तिघांनीही ऐकला.

मग मी म्हटलं, "चुकलं माझं." मोठ्यांदा म्हटलं. एवढंच म्हणायचं होतं इतके दिवस.

शेवटी मामंजी आत गेले आणि लाल वही घेऊन आले. चष्मा पुसला, पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं. हळू म्हणाले, "नाव मी घालू का? की तू घालतेस?"

मी म्हटलं, "उद्या. आज भाऊबीज आहे."

त्यांनी टोपण लावलं.

पाण्याचं भांडं मात्र मीच भरलं. खोक्याशेजारी ठेवलं आणि "ये" म्हटलं.